सागवानाच्या गाभ्यातील वलये : ॲरोमॅटिक वलयांमधील आकर्षणाविषयी

गडचिरोली जिल्ह्याच्या अहेरी तालुक्यातील आलापल्ली हे गाव सागवानामुळे महाराष्ट्रात सर्वत्र परिचित आहे. तेथील ‘वनवैभव’ या सुमारे ६ हेक्टर वनखंडास राज्य शासनाने २०१४ साली जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा दिला. अयोध्येतील मंदिराच्या कामासाठी २०२३ साली जे सागवान बल्लारपूरहून रवाना झाले, तेही चंद्रपूर-गडचिरोलीच्या याच वनपट्ट्यातले. या लाकडाची ख्याती मुख्यतः दोन गुणांवर उभी आहे. उन्हापावसात ते फारसे वाकत वा फाटत नाही, हा एक गुण. आणि वाळवी त्याच्या गाभ्याला सहसा तोंड लावीत नाही, हा दुसरा. बाहेरील पांढुरक्या रसकाष्ठाला मात्र हे अभय नाही. कोणताही जुना सुतार चौकटीसाठी लाकूड निवडताना रसकाष्ठ तासून टाकतो, ते याचमुळे. गाभा आणि रसकाष्ठ यांची तंतुरचना बहुतांशी सारखीच असते. वाळवीच्या बाबतीत दोहोंत जो भेद पडतो, तो गाभ्यात साठलेल्या काही सेंद्रिय संयुगांमुळे. त्यांपैकी एकाच्या निमित्ताने रसायनशास्त्रातील एका बहुचर्चित आणि बऱ्याच अंशी गैरसमजाने वेढलेल्या आकर्षणाचा विचार येथे करावयाचा आहे.

हे संयुग म्हणजे टेक्टोक्विनोन. सागाच्या ‘टेक्टोना ग्रँडिस’ या शास्त्रीय नावावरून त्याचे नामकरण झाले. रंगून येथे काम करणाऱ्या आर. रोमॅनिस यांनी १८८७ च्या सुमारास सागाच्या लाकडापासून मिळणाऱ्या पदार्थांचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हापासून ते रसायनशास्त्रज्ञांच्या ओळखीचे आहे. त्याची रचना साधी आहे : तीन षट्कोनी वलये एका ओळीत जोडलेली, मधल्या वलयावर समोरासमोर दोन कार्बोनिल गट, आणि कडेच्या एका वलयावर दुसऱ्या स्थानी मेथिल गट. म्हणजेच ते २-मेथिलअँथ्राक्विनोन होय. रेणुभार सुमारे २२२. या रेणूवर विद्युत्भार नाही. हायड्रॉक्सिल वा अमिनो गट नसल्यामुळे नेहमीच्या अर्थाने हायड्रोजन-बंध देण्याची सोयही त्याच्यापाशी नाही. असे असून तो सामान्य तापमानास घनरूप असतो आणि सुमारे १७७ अंश सेल्सियसला वितळतो. तेव्हा या सपाट, उदासीन रेणूंना परस्परांशी धरून ठेवणारे असे काय आहे, हा प्रश्न सहजच उभा राहतो.

या प्रश्नाला आज बहुतेक प्रबंधांत एका शब्दात उत्तर दिलेले आढळते : ‘पाय-पाय स्टॅकिंग’. मराठीत या कल्पनेला ‘चळत’ हा शब्द चपखल बसतो. नाण्यांची वा ताटांची चळत असते तशी वलयांची चळत. परंतु शब्द जितका चपखल तितकेच त्यातून मनापुढे उभे राहणारे चित्र फसवे आहे. नाण्यांच्या चळतीत कडेवर कड आणि मध्यावर मध्य असतो. ॲरोमॅटिक वलयांना नेमकी हीच मांडणी सर्वांत कमी मानवते.

कारण समजण्यासाठी बेंझीनपासून आरंभ करणे इष्ट. फॅराडे यांनी १८२५ साली शोधलेल्या या संयुगाचे वलय सपाट असते, हे प्रत्यक्ष मोजमापाने सिद्ध होण्यास शंभरावर वर्षे लागली. १९२९ साली कॅथलीन लॉन्सडेल यांनी हेक्झामेथिलबेंझीनच्या स्फटिकाचे क्ष-किरण विश्लेषण करून ते दाखविले. वलयातील सहा पाय-इलेक्ट्रॉन प्रतलाच्या वर आणि खाली दोन ढगांच्या रूपाने पसरलेले असतात. परिणामी वलयाचे दोन्ही पृष्ठभाग किंचित ऋण, तर हायड्रोजन असलेली कड किंचित धन होते. एकंदर रेणूला द्विध्रुव परिबल नसते, पण चतुर्ध्रुव परिबल असते, आणि ते लहान नाही : कूलंब-मीटरवर्ग या मापात, दहाच्या उणे चाळिसाव्या घाताच्या पटीत सांगायचे तर, सुमारे −२९. अशी दोन वलये नाण्यांप्रमाणे तंतोतंत एकमेकांवर ठेवली तर ऋण पृष्ठासमोर ऋण पृष्ठ येते आणि स्थिरविद्युत् दृष्ट्या ती एकमेकांना दूर लोटतात. उलट एका वलयाची धन कड दुसऱ्याच्या ऋण पृष्ठावर उभी राहिली, म्हणजे रोमन ‘टी’ अक्षरासारखी मांडणी झाली, तर आकर्षण मिळते. दोन्ही वलये समांतर ठेवून एक थोडे बाजूला सरकविले तरीही प्रतिसारण बरेचसे टळते.

एवढ्यावरून सर्व आकर्षण स्थिरविद्युत् स्वरूपाचे आहे असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे ठरेल. मांडणी कोणती असावी हे चतुर्ध्रुव ठरवितो. रेणू जवळ का येतात, याचे मुख्य उत्तर वेगळे आहे. फ्रिट्झ लंडन यांनी १९३० साली दाखविल्याप्रमाणे, कोणत्याही रेणूतील इलेक्ट्रॉन-विन्यास क्षणोक्षणी डोलत असतो. त्या क्षणिक द्विध्रुवामुळे शेजारच्या रेणूत अनुकूल द्विध्रुव निर्माण होतो, आणि दोहोंमधील आकर्षण अंतराच्या सहाव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलते. हे अपस्करण-बल सर्वव्यापी आहे. आर्गॉनच्या अणूंतही तेच, पॅराफिनमध्येही तेच. सपाट रेणूंचे वैशिष्ट्य एवढेच की त्यांचे अनेक अणू एकाच वेळी शेजाऱ्याच्या अनेक अणूंच्या अगदी निकट येऊ शकतात, त्यामुळे या बलांची बेरीज मोठी होते.

आता आकडे पाहू. काटेकोर पुंजयांत्रिक गणितानुसार बेंझीनच्या दोन रेणूंची बंधनऊर्जा ‘टी’ मांडणीत आणि सरकलेल्या समांतर मांडणीत जवळजवळ सारखीच, म्हणजे प्रतिमोल सुमारे २·७ किलोकॅलरी येते. तंतोतंत समोरासमोर ठेवलेल्या मांडणीत ती सुमारे १·८ भरते. ‘टी’ मांडणीत दोन मध्यबिंदूंमधील अंतर सुमारे ५·० अँगस्ट्रॉम. सरकलेल्या मांडणीत प्रतलांमधील अंतर सुमारे ३·६ आणि सरक सुमारे १·६ अँगस्ट्रॉम. तुलनेसाठी असे सांगता येईल की पाण्याच्या दोन रेणूंमधील हायड्रोजन-बंध सुमारे ५ किलोकॅलरींचा आणि कार्बन-कार्बन साधा बंध ८० हून अधिक किलोकॅलरींचा असतो. तर सामान्य तापमानास औष्णिक ऊर्जेचे माप ०·६ किलोकॅलरी आहे. एकटी जोडी म्हणजे फारच नाजूक प्रकरण. वायुरूपात ती टिकविण्यासाठी रेणुझोत अतिशय थंड करावा लागतो. हार्वर्डमध्ये क्लेम्परर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ साली अशा झोतावर विद्युत्क्षेत्राचा प्रयोग केला, तेव्हा बेंझीनची जोडी ध्रुवीय असल्याचे आढळले. समोरासमोरची किंवा समांतर सरकलेली सममित जोडी ध्रुवीय असू शकत नाही. ‘टी’ मांडणी असू शकते. पुढे १९९३ साली ई. अरुणन आणि गुटोव्स्की यांनी या जोडीचा परिवलन-वर्णपट नोंदविला आणि मध्यबिंदूंमधील अंतर ४·९६ अँगस्ट्रॉम ठरविले. अरुणन पुढे बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक झाले.

या विषयात पडणाऱ्या विद्यार्थ्याला येथेच एक धोक्याची सूचना देणे अवश्य आहे. हार्ट्री-फॉक पद्धतीत इलेक्ट्रॉनांच्या परस्परसंबद्ध हालचालीचा हिशेब नसतो, म्हणून तीत समांतर बेंझीन-जोडी बांधलीच जात नाही. प्रयोगशाळांतून सर्रास वापरल्या जाणाऱ्या बी३एलवायपी या घनता-फलन पद्धतीचीही तीच गत आहे; टेक्टोक्विनोनचे दोन रेणू एकमेकांवर ठेवून संगणकाला इष्टतम रचना शोधावयास सांगितले, तर तो त्यांना एकमेकांपासून दूर तरी नेईल किंवा कडेला कड लावून तरी ठेवील. उलट द्वितीय क्रमाची मोलर-प्लेसेट पद्धती हे आकर्षण वाजवीपेक्षा जास्त दाखविते. स्टेफान ग्रिमे यांनी २०१० साली सुचविलेल्या अपस्करण-दुरुस्तीसारखी दुरुस्ती जोडल्याशिवाय या विषयातील घनता-फलन गणितावर विश्वास ठेवू नये, हेच उत्तम. दुरुस्तीविना केलेल्या गणितावर ‘स्टॅकिंग’विषयी निष्कर्ष काढणे म्हणजे तराजूचे एक पारडे काढून ठेवून वजन करण्यासारखे आहे.

अपस्करण हे सर्वव्यापी, आणि चतुर्ध्रुव हा मांडणी ठरविणारा. मग ‘पाय-पाय’ नावाचे खास बल उरते कोठे? ग्रिमे यांनी २००८ साली नेमका हाच प्रश्न विचारला. एका बाजूस बेंझीन, नॅप्थॅलीन, अँथ्रासीन व टेट्रासीन यांच्या जोड्या आणि दुसऱ्या बाजूस त्याच आकाराच्या पण हायड्रोजनने संपृक्त केलेल्या वलयांच्या जोड्या घेऊन त्यांनी ऊर्जेची तुलना केली. लहान रेणूंत दोहोंमध्ये विशेष फरक नाही. रेणू मोठे होत गेले तशी समांतर ॲरोमॅटिक जोड्यांची सरशी होते, असे त्यांना दिसले. याचा पडताळा घेण्यास संगणकाचीही गरज नाही. बेंझीन ८०·१ अंशांना उकळते आणि सायक्लोहेक्झेन ८०·७ अंशांना. बेंझीन ५·५ अंशांना गोठते, तर सायक्लोहेक्झेन सुमारे ६·५ अंशांना. सायक्लोहेक्झेनमध्ये पाय-इलेक्ट्रॉन एकही नाही. पाठ्यपुस्तकातील या चार आकड्यांकडे पुरेसे लक्ष दिले गेले असते, तर ‘पाय-बला’चा बराच गाजावाजा टळला असता. मार्टिनेझ आणि आयव्हरसन यांनी २०१२ साली या संज्ञेचाच फेरविचार करावा असे सुचविले, ते याच दिशेने.

या नावाचा इतिहासही थोडा सांगण्याजोगा आहे. हंटर आणि सँडर्स यांनी १९९० साली पॉर्फिरिनांच्या रचनांचा अभ्यास करून एक सुटसुटीत प्रतिमान मांडले : वलयाचा सिग्मा-सांगाडा धन आणि दोन्ही बाजूंचे पाय-ढग ऋण समजावेत, ढगांचे परस्पर प्रतिसारण आणि ढग व सांगाडा यांचे आकर्षण यांच्या ओढाताणीतून सरकलेली मांडणी निष्पन्न होते. हे प्रतिमान शिकविण्यास अतिशय सोयीचे ठरले, आणि त्याच्या सोयीनेच ते बळावले. त्यावरून असा नियम रूढ झाला की वलयावर इलेक्ट्रॉन ओढून घेणारा गट बसविला की पाय-ढग विरळ होतो आणि चळत पक्की होते. व्हीलर आणि हाउक यांनी २००८ साली दाखविले की बेंझीन-जोडीवरील प्रतियोजी गटांचा परिणाम बव्हंशी त्या गटाच्या शेजारच्या वलयाशी होणाऱ्या प्रत्यक्ष आंतरक्रियेतून येतो, ढग विरळ होण्यातून नव्हे. नियम बहुधा बरोबर उत्तर देतो, पण त्यामागचे कारण निराळे आहे. संशोधकाला हा भेद महत्त्वाचा वाटला पाहिजे.

चतुर्ध्रुवाचे कार्य पाहावयाचे असेल तर पॅट्रिक आणि प्रोसर यांचा १९६० सालचा प्रयोग अजून अप्रतिम आहे. बेंझीन आणि हेक्झाफ्लुओरोबेंझीन ही दोन्ही द्रवे सुमारे ५ अंशांना गोठतात. ती समप्रमाणात मिसळली की एक नवा स्फटिक तयार होतो आणि तो सुमारे २४ अंशांना वितळतो. हेक्झाफ्लुओरोबेंझीनमध्ये फ्लुओरिनमुळे कड ऋण आणि पृष्ठ धन असते. त्याचे चतुर्ध्रुव परिबल वरील मापात सुमारे +३२, म्हणजे बेंझीनच्या जवळजवळ उलट. म्हणून ही दोन वलये एकाआड एक समोरासमोर बसतात. येथे खरोखर नाण्यांसारखी चळत जमते, आणि ती जमते ती वलये एकसारखी नसल्यामुळे !

आता सागाकडे परतण्यास हरकत नाही. टेक्टोक्विनोनचा विचार करण्यापूर्वी त्याचे दोन निकटचे नातलग, अँथ्रासीन आणि अँथ्राक्विनोन, शेजारी ठेवून पाहावेत. अँथ्रासीनच्या स्फटिकाशी भारतीय संशोधनाचा जुना संबंध आहे. कलकत्त्याच्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स या संस्थेत केदारेश्वर बॅनर्जी यांनी १९३० च्या सुमारास नॅप्थॅलीन आणि अँथ्रासीन यांच्या रचनेवर काम केले. त्याच काळात के. एस्. कृष्णन यांनी ढाक्यास असताना सेंद्रिय स्फटिकांच्या चुंबकीय विषमदिकतेची मोजमापे केली. ॲरोमॅटिक वलयाची प्रतिचुंबकीयता प्रतलाला लंब दिशेत सर्वाधिक असते. त्यामुळे संपूर्ण स्फटिकाची चुंबकीय वागणूक मोजली की आतील वलये कोणत्या कोनात कललेली आहेत हे कळते. क्ष-किरणांच्या किचकट गणिताला चुंबकाने दिलेली ही साक्ष होती, आणि अल्प साधनांत केलेल्या कामाचा नमुना म्हणून ती आजही वाचण्याजोगी आहे. अँथ्रासीनच्या स्फटिकात शेजारच्या रेणूंची प्रतले एकमेकांशी सुमारे ५० अंशांचा कोन करतात. माशाच्या काट्याप्रमाणे तिरप्या ओळी बनतात आणि एका रेणूची कड दुसऱ्याच्या पृष्ठाकडे वळते. ‘टी’ मांडणीचेच हे घनरूप म्हणता येईल.

अँथ्राक्विनोनमध्ये चित्र पालटते. कॅथलीन लॉन्सडेल आणि सहकाऱ्यांनी १९६६ साली या स्फटिकाची रचना पाच वेगवेगळ्या तापमानांना तपासली. त्यात रेणू एका अक्षावर, सुमारे ३·९७ अँगस्ट्रॉमच्या अंतराने, समांतर रचलेले असतात. परंतु ते त्या अक्षाला तिरपे असल्यामुळे प्रतलांमधील लंबांतर सुमारे ३·५ अँगस्ट्रॉमच असते. पायथागोरसाचा सिद्धांत लावला तर लगतचे रेणू एकमेकांवरून सुमारे १·९ अँगस्ट्रॉम सरकलेले आहेत असे निघते. म्हणजे येथेही चळत कललेलीच. शेजारच्या दोन चळती मात्र एकमेकींशी कोन करून उभ्या असतात, म्हणजे माशाचा काटा पुरता नाहीसा झालेला नाही. दोन कार्बोनिल गटांनी एवढा बदल घडविला. त्यांचे स्थानिक द्विध्रुव शेजारच्या वलयाशी प्रत्यक्ष आकर्षण साधतात, आणि त्यांचे ऑक्सिजन शेजारच्या रेणूंच्या कडेवरील किंचित धन हायड्रोजनांना सामोरे जातात. अँथ्रासीन सुमारे २१६ अंशांना वितळते. अँथ्राक्विनोन २८६ अंशांना.

या ७० अंशांच्या फरकाचे सर्व श्रेय चळतीला देण्याचा मोह होतो. तो टेक्टोक्विनोनच घालवितो. अँथ्राक्विनोनवर केवळ एक मेथिल गट बसविला की टेक्टोक्विनोन होते. इलेक्ट्रॉन वाढले, रेणू मोठा झाला, तेव्हा प्रत्येक जोडीतील अपस्करण-आकर्षण वाढावयास हवे. प्रत्यक्षात वितळबिंदू शंभराहून अधिक अंशांनी खाली, १७७ अंशांच्या आसपास येतो. कारण वितळबिंदू ही दोन रेणूंमधील आकर्षणाची मोजपट्टी नव्हेच. स्फटिकातील सुबक बसणी किती साधते आणि वितळताना किती अव्यवस्था वाढते, यांवर तो अवलंबून असतो. अँथ्राक्विनोनचा अत्यंत सममित रेणू स्फटिकात अनेक समतुल्य दिशांनी बसू शकतो. मेथिल गटाने ती सममिती मोडते आणि बांधणीत अडचण येते.

स्फटिकातील हे गणित लाकडाच्या गाभ्यात जसेच्या तसे लागू होत नाही, हे उघड आहे. लाकडात टेक्टोक्विनोनचा शेजारी दुसरे टेक्टोक्विनोन असण्यापेक्षा लिग्निन असण्याची शक्यता अधिक. सागाच्या लाकडात वजनाने सुमारे तीन दशांश भाग लिग्निन असते, आणि ते स्वतःच मेथॉक्सी व हायड्रॉक्सी गट धारण करणाऱ्या ॲरोमॅटिक वलयांचे जाळे आहे. बल्लारपूरच्या कागद कारखान्याला याच वनांतील बांबूतून जे लिग्निन काढून टाकावे लागे तेही त्याच कुळातले. लिग्निनची वलये पेशीभित्तीत अस्ताव्यस्त पडलेली असतात असे पूर्वी समजत. अटल्ला आणि अगरवाल यांनी १९८५ साली स्प्रूस वृक्षाच्या लाकडावर रामन-सूक्ष्मदर्शकाने प्रयोग करून ही वलये बहुधा पेशीभित्तीच्या पृष्ठाला समांतर झुकलेली असतात असे दाखविले. कलकत्त्यास १९२८ साली लागलेल्या शोधाचा हा उपयोग खुद्द रामन यांनाही रुचला असता.

अशा भित्तीत टेक्टोक्विनोनचा सपाट रेणू समांतर सरकून बसणे ऊर्जेच्या दृष्टीने सुसंगत आहे. विपुल इलेक्ट्रॉन असलेले मेथॉक्सी-वलय आणि इलेक्ट्रॉन ओढणारे क्विनोन यांची जोडी दाता-ग्राही प्रकारात मोडते. या प्रकाराचे अभिजात उदाहरण म्हणजे व्होलर यांनी १८४४ साली वर्णिलेले क्विनहायड्रोन. पिवळे क्विनोन आणि रंगहीन हायड्रोक्विनोन एकत्र आली की काळपट हिरवे स्फटिक मिळतात. त्या गडद रंगावरून येथे काही तरी बळकट बंध असावा असे वाटते. मलिकन यांच्या १९५२ सालच्या सिद्धांतानुसार रंग येतो तो प्रकाश शोषताना होणाऱ्या भार-स्थलांतरामुळे; एरवीच्या, भूमिस्थितीतील बंधनात या स्थलांतराचा वाटा सहसा अल्पच असतो. तेथेही बहुतेक भार अपस्करण आणि स्थिरविद्युत् आकर्षण यांवरच असतो, आणि क्विनहायड्रोनमध्ये हायड्रोजन-बंधांचाही त्यात मोठा हात आहे.

मग सागवानाच्या टिकाऊपणाला वलयांचे आकर्षण कितपत कारण मानावे ? वाळवीला टेक्टोक्विनोन प्रतिकूल ठरते हे प्रयोगसिद्ध आहे. रडमन व सहकाऱ्यांनी १९५८ साली टेक्टोक्विनोनचा सागाच्या टिकाऊपणाशी असलेला संबंध तपासला होता. परंतु ही प्रतिकूलता कीटकाच्या शरीरातील क्विनोनच्या रासायनिक वर्तनाची बाब आहे, तिचा चळतीशी संबंध जोडण्याचे कारण नाही. शिवाय लॅपॅकॉल, डीऑक्सिलॅपॅकॉल यांसारखी अन्य क्विनोने आणि हाताला तेलकट लागणारे रबरसदृश द्रव्य यांचाही या गुणात वाटा आहे. वलयांच्या आकर्षणाचा प्रश्न त्याच्या अगोदरचा आहे : हे संयुग वर्षानुवर्षे लाकडात टिकून का राहते ? पाण्यात ते जवळजवळ विरघळत नाही, कारण पाण्याच्या हायड्रोजन-बंधांच्या जाळ्यात या रेणूसाठी जागा करणे महाग पडते. आणि लिग्निनच्या वलयांलगत त्याला मिळणारे आकर्षण एकेका संपर्कात दुबळे असले तरी त्याची तीनही वलये आणि दोन्ही पृष्ठे मिळून संपर्क बरेच होतात. म्हणून आलापल्लीचा पाऊस त्याला धुऊन नेत नाही. मात्र हीच भुकटी ॲसिटोन किंवा बेंझीनमध्ये उकळली की ते सहज बाहेर येते. द्रावकाचे रेणूही तेच सर्वव्यापी अपस्करण-आकर्षण देऊ करतात आणि लिग्निनशी असलेली जवळीक सुटते; सहसंयुज बंध असता तर असे घडले नसते. अशा रीतीने निष्कर्षण केलेल्या गाभ्याची वाळवीला होणारी अटकाव-शक्ती घटते, आणि मग सुतार ज्या रसकाष्ठाला तासून टाकतो त्याच्या जवळपास तो गाभा येऊन ठेपतो.